वाढणाऱ्यांची पंगत

आबा फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, एक होल्डॉल आणि गळ्यात दोरीनं अडकवलेली शिट्टी एवढंच होतं. आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी पलटणीच्या लंगरात काढलेली, हातात बंदूक कमी आणि झारा जास्त. पलूसच्या बाजारात माणसं त्यांना "या फौजी" म्हणून रामराम घालायची, आणि आई पदराआड हसत म्हणायची, "व्हय, बटाट्यासंगं लढलेत." पेन्शन होती, चुलत्यांबरोबर वाटून केलेला थोडा ऊस होता, घर चाललं असतं. पण आबांना दहा माणसांचा स्वयंपाक करताच येत नसे आणि रिकामं बसवत नसे. भावकीतल्या एका लग्नाचं जेवण त्यांनी हौसेनं केलं, ते लोकांच्या तोंडात राहिलं, आणि बघता बघता आमच्या परसात तपेली, कढया, पराती आणि पाण्याची पिंपं येऊन बसली. मी कॉलेजात जायला लागले तोवर आमचं घर हे घर कमी आणि मुदपाकखाना जास्त झालं होतं.

लग्नसराईतलं आमचं घर मला आजही कानांनी आठवतं. पहाटे परसातल्या फरशीवर तपेलं गडगडत नेल्याचा आवाज, टेम्पोच्या मागच्या फळीची साखळी, भट्टीचा घूं घूं आवाज, आणि या सगळ्यावर आबांची शिट्टी. आई कांदा-लसूण मसाला घरीच करायची. मिरच्या भाजायला घेतल्या की आम्ही भावंडं शिंकत शिंकत शेजारी पळायचो, आणि शेजारी आधीच पुढच्या आळीत पळालेले असायचे. पोत्यानं कांदा चिरून आमच्या बोटांचा वास आठवडा आठवडा जात नसे. गंमत अशी की पाचशे माणसांना बुंदी, मसालेभात, भरलं वांगं आणि गव्हाची खीर घालून आबा घरी यायचे आणि आईला म्हणायचे, "भाकरी दे, ठेचा दे, दही असलं तर बघ." लग्नातलं जेवण त्यांनी स्वतः कधी चवीपुरत्या घासापलीकडं खाल्लेलं मी पाहिलं नाही.

कायमची माणसं आमच्याकडं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. आबा, त्यांच्या हाताखाली तयार झालेला गणू आचारी आणि टेम्पोवाला. बाकी सगळ्या रोजानं येणाऱ्या बाया. चपात्या-पुऱ्या लाटणाऱ्या, भाज्या चिरणाऱ्या, वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. सराई आली की यायच्या, सराई सरली की कुणी रानात तण भांगलायला, कुणी तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर. त्यांना गोळा करायच्या जैबूनभाभी. त्यांचे मालक कल्हई करायचे. घरोघरी स्टील आलं तशी कल्हई बुडाली, पण आबांची पितळी तपेली होती म्हणून ते आमच्याकडं यायचे. एकदा भाभी त्यांना जेवायला बोलवायला आल्या, तेव्हा आबा अंगणात "उद्याला बाया न्हाईत, बाया न्हाईत" म्हणून येरझाऱ्या घालत होते. भाभींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "किती पायजेत, भाईसाब?" संध्याकाळपर्यंत त्यांनी आळीतल्या, माळावरच्या, स्टेशनाकडच्या बाया आणून उभ्या केल्या. तेव्हापासून त्या आमच्या घरच्याच झाल्या.

आबांना बाया मिळाल्या, पण त्यांना कामाला कसं लावायचं ते त्यांना एकाच पद्धतीनं येत होतं. सकाळी शिट्टी वाजायची आणि "फॉलिन!" असा आवाज यायचा. नऊवारी-पाचवारी नेसलेल्या बाया परसात एका रांगेत उभ्या राहायच्या. आबा हात मागं बांधून नखं बघत जायचे आणि मी नेलकटर घेऊन मागून. रांगेत एक म्हातारी होती, ती रोज डाव्या हातानं सलाम ठोकायची आणि रोज आबा तिला उजवा हात दाखवायचे. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. मग आबा जागा वाटून द्यायचे. ही पुऱ्यांवर, ही भातावर, ही पाण्यावर. एकदा दिलेली जागा पंगती उठेपर्यंत सोडायची नाही, मोर्च्यावरनं हलायचं नाही, हा त्यांचा कायदा. दुसरा कायदा असा की पाहुण्यांची शेवटची पंगत उठल्यावरच आपली पंगत बसायची. पण त्या पंगतीत सगळं ताट मिळालं पाहिजे, उरलंसुरलं नाही. त्यासाठी आबा खीर आणि बुंदी आधीच बाजूला काढून झाकून ठेवायचे.

मी त्या बायांत कधी मिसळले ते कळलं नाही. आबांना कुठल्या बाईला कुठं उभी करायची ते कळायचं. कुणाला कुठं उभी करायची नाही ते मला कळायला लागलं. अमकीची कंबर धरलीय, तिला पिंपापाशी नको. तमकीचं तान्हं पोर आहे, तिला मधून उठू द्यायला पाहिजे. या दोघी जावा, एका परातीवर बसवल्या तर पीठ मळायच्या आधी भांडण मळतील. मी हळूच आबांच्या कानात सांगायची आणि आबा ते स्वतःलाच सुचलंय असं दाखवून रांग बदलायचे. आता मी साताऱ्यात माझा स्वतःचा केटरिंगचा धंदा करते. मोबाईलवरच्या ग्रुपात "रविवारी वाढायला पोरं-पोरी पाहिजेत" असं टाकलं की भराभर अंगठे येतात. काळी पँट, पांढरा शर्ट, हातात मोजे घालून मुलं येतात. छान काम करतात. पण दिवसभर शेजारी उभं राहून एकमेकांचं नाव न विचारता निघून जातात, तेव्हा मला आमच्या परसातली ती हसणारी रांग आठवते.

त्या रांगेत इंदूमावशी होती. शेलाटी, गव्हाळ, बोलायला मऊ. तिचे मालक वसंतमामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराई ही दोघांचीही सुगी. कधी कधी दोघं एकाच लग्नात असायची. ते मांडवाच्या पुढच्या बाजूनं वाजवत यायचे, ही मागच्या बाजूला पुऱ्या लाटत असायची. वरात दारात आली की ती लाटणं थांबवून कान द्यायची आणि म्हणायची, "आज सूर बरा लागलाय. सकाळी काढा दिलाता." बाया तिला चिडवायच्या. ती लाजायची. वसंतमामा तिचे दुसरे मालक, हे मला ऐकून माहीत होतं. पहिला नवरा फौजेत होता, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गाडीच्या अपघातात गेला. त्यानंतर तिनं स्वतःच्या मनानं वसंतमामांशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. याहून जास्त ती कधी बोलली नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी वैशाखात एक तीथ अशी दाट आली की ज्याच्या त्याच्या घरात लग्न. आबांनी तासगावच्या एका व्यापाऱ्याचं लग्न आधीच घेतलं होतं. मग लोणंदहून निरोप आला. आबांच्या पलटणीतल्या कुणाच्या ओळखीचे, कांद्याचे व्यापारी, मुलीचं लग्न, जेवण आबांच्याच हातचं पाहिजे. आबा नाही म्हणू शकले नाहीत. फौजेतल्या ओळखीला त्यांना कधी नाही म्हणता आलं नाही. मग घरात रात्रभर नुसती वाटणी चालली. तपेल्यांची वाटणी, झाऱ्यांची वाटणी, बायांची वाटणी. त्यातच बेदाण्याच्या शेडवर काम जोरात होतं. सावलीत बसून बेदाणा निवडायचा, तर भट्टीच्या धगीला कोण येणार? ऐन वेळी काही बाया तिकडं गेल्या. शेवटी आबा मला म्हणाले, "मंगे, लोणंदला तू जायाचं. सैपाक गणू बघंल. बाया तुज्या."

"मी? आबा, मला कोन ऐकनार?"

"मला तरी कोन ऐकतंय? शिट्टीला ऐकत्यात," आबा म्हणाले. "आन ध्यानात ठेव. मानूस रोजानं आनला तरी त्या दिसापुरता आपला असतोय. आपल्या मानसाला वाऱ्यावर सोडायचं न्हाई."

गणू टेम्पोतून आदल्या दिवशीच गेला. आम्ही बाया सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. डबाभर आमचाच आवाज. कुणी भाकरी सोडली, कुणी लोणचं काढलं, वाटेत कृष्णा दिसली तसे सगळ्यांनी हात जोडले. भाभींनी भिजवलेले शेंगदाणे वाटले. इंदूमावशी मात्र खिडकीला टेकून गप्प होती. मला वाटलं, झोप झाली नसेल. लोणंद जवळ यायला लागलं तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

स्टेशनापासून कार्यालय जवळच होतं. आम्ही मागच्या दारानं आत गेलो. रोजानं येणारी माणसं मागच्याच दारानं जातात. पुढच्या कमानीवर कुणाची नावं लिहिलीत ते त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनी विचारायचंही नसतं. मलासुद्धा त्या व्यापाऱ्याचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं, आबा त्यांना नुसतं "लोणंदवाले" म्हणायचे. मी सगळ्यांना जागा वाटून दिल्या. वाढणाऱ्या कमी होत्या म्हणून इंदूमावशीला पहिल्या पंगतीत खिरीवर घातली. तिचा हात हलका, सांडलवंड नाही. एवढ्यात पुढं लाऊडस्पीकर सुरू झाला. आलेल्या पाहुण्यांचं स्वागत, मग नवरीच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव, आजोबांचं नाव. इंदूमावशी पिठाच्या परातीपाशी बसली होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"मंगल," ती म्हणाली, "मला पंगतीत नगं घालूस. भांड्याला बसीव. हितंच मागं ऱ्हाऊ दे."

"मावशी, वाढायला कुनी न्हाई गं. तू न्हाई गेलीस तर खीर कुनी वाढायची?"

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. भाभींनी मला दंडाला धरून पाण्याच्या पिंपामागं नेलं.

"त्या भोंग्यावर नाव आलं न्हवं, संपतराव," भाभी कुजबुजल्या, "त्यो हिचा सख्खा भाऊ. नवरी हिची भाची. ही कडेवर घेऊन फिरवायची तिला. मला आत्ताच सांगितलं तिनं."

मी एकोणीस-वीस वर्षांची होते. आबांनी मला बाया कशा उभ्या करायच्या ते शिकवलं होतं. भाचीच्या लग्नात आत्यानं बोलावण्याशिवाय येऊन पुऱ्या लाटायच्या असतील तर तिला कुठं उभी करायची, हे नव्हतं शिकवलं. मोर्चा बदलायचा नाही हा कायदा मी तिथंच मोडला. मावशीला भट्टीजवळ, कनातीच्या आतल्या अंगाला पुऱ्या तळायला बसवलं आणि खिरीची बादली स्वतः घेतली.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मागच्या बाजूला मंगलाष्टका म्हणजे घाईची खूण, कारण अक्षता पडल्या की पंगत बसणार. कुणी मान वर करत नाही. पण शेवटच्या "सावधान"ला मी वळून बघितलं, तर इंदूमावशीनं शेजारच्या तांदळाच्या पोत्यातून चिमूट घेतली होती. कनातीच्या कापडाकडं तोंड करून तिनं ते दाणे टाकले. कापडाला लागून ते तिच्याच पायाशी पडले. मग ती बसली आणि पुरी उलटली.

थोड्या वेळानं संपतराव मागं आले. नवरीचा बाप मुदपाकखान्यात एकदा येऊन जातोच, खीर किती, भात किती ते बघायला. फेटा बांधलेला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर लग्नघराचा थकवा. मला म्हणाले, "पोरी, झक्कास वास सुटलाय," आणि पुढं कढईकडं बघून थांबले. इंदूमावशी उठून उभी राहिली. दोघं एकमेकांकडं बघत होती आणि कढईतल्या पुऱ्या काळ्या पडत होत्या. भाभींनी पुढं होऊन झारा हातात घेतला.

"ही हितं कशी?" त्यांनी मला विचारलं.

"आमच्याकडं कामाला हाय, काका."

"घालवून दे तिला. आत्ताच्या आत्ता. गाडीभाडं मी देतो."

"जाते मी, मंगल," मावशी हात पुसत म्हणाली.

मी पदर खोचला, म्हणजे हातांना काहीतरी काम मिळालं. "मावशी, तू बस खाली," मी म्हणाले. "काका, आबांनी हिला माज्याबरोबर धाडलीया. सांजच्या गाडीनं तिला घरला पोचवायचं मी कबूल केलंय. तिला एकटीला स्टेशनावर धाडनार न्हाई. जायाचं तर समद्याच जाऊ."

"धमकी देतीस व्हय गं मला?"

"न्हाई काका. पानं मांडली हायती, लोकं भुकेली हायती. तुमी सांगाल तसं करते."

बाया सगळ्या थांबल्या होत्या. लाटणी थांबली होती. संपतरावांनी फेटा काढला, घाम पुसला. रागापेक्षा दमलेलेच दिसले मला ते. "तुला काय ठावं हाय पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "हिचा पैला मालक माझा दोस्त व्हता. एका ताटात जेवलोय आमी. ह्या घरात जावाई म्हनून मी आनलावता त्याला. वरीसभर मला झोप न्हवती. आन हिनं..."

"दादा," इंदूमावशी म्हणाली, "त्येस्नी मी बी इसरले न्हाई."

पुढून कुणीतरी "संपतराव, व्याही बोलवत्यात" म्हणून हाका मारत होतं. त्यांनी फेटा पुन्हा बसवला. "फुडं दिसू नगं," एवढं म्हणाले, तेही जमिनीकडं बघून, आणि गेले. भाभी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आता श्वास सोड पोरी, निळी पडलीस."

पंगती बसल्या आणि मग विचार करायला सवडच नव्हती. खीर, पुरी, भात, मठ्ठा, पुन्हा खीर. बायकांच्या पंगतीत भिंतीकडेला एक म्हातारी बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, शेजारची पोरगी तिला पत्रावळीवर काय कुठं आहे ते बोट धरून दाखवत होती. मी खीर वाढली तर म्हणाली, "जरा बेतानं गं बाय, वाया जायला नगं." तो "बाय" म्हणायचा हेल मी रोज ऐकत होते. मी भाभींकडं बघितलं. भाभींनी केव्हाच ओळखलं होतं. इंदूमावशीची आई.

पंगत उठली, तशी हात धुवायला पुढच्या नळांवर गर्दी उसळली. भाभींनी म्हातारीचा हात धरला. "आवं आजी, तिकडं लय चिखल हाय, पाय घसरंल. चला, मागं पिंप हाय." आणि त्या पोरीला म्हणाल्या, "तू जा, खेळ. आजीला मी आनते." हे सगळं त्यांनी कुणाला न विचारता केलं. मी बादली घेऊन त्यांच्या मागोमाग गेले, नाही म्हणायचं झालं तर म्हणता यावं म्हणून. पण म्हणाले नाही.

इंदूमावशीनं आईला येताना बघितलं. ती पळाली नाही, रडलीही नाही. तांब्या भरून घेतला आणि पुढं झाली. म्हातारीनं हात पुढं केले. मावशी सावकाश धार धरून पाणी घालत होती. बोटं न् बोटं धुऊन झाली तरी म्हातारी हात तसेच धरून राहिली, आणि पाणी पडत राहिलं.

"अजून घालू का?" मावशीनं विचारलं.

म्हातारी मान वाकडी करून ऐकत होती. "घसा बसलाय का गं तुजा?" ती म्हणाली.

जणू काल संध्याकाळीच दोघी बोलल्या होत्या.

"धुरानं बसलाय, आई."

"सुंठ घ्यावी, गुळासंगं. किती येळा सांगितलंया." म्हातारीनं ओल्या हातांनी मावशीचा चेहरा चाचपला, गालफडं, हनुवटी, गळ्यातलं मंगळसूत्र. तिथं तिची बोटं थोडी थांबली. "वाळलीस. बरा हाय का त्यो?"

"लय बरा हाय."

"मग झालं." म्हातारी म्हणाली, "जेवलीस?"

"आमी मागनं जेवतो."

"मागनं म्हंजी कवा?"

मावशीनं तांब्या खाली ठेवला. भाभींनी सांगितलं की पाहुण्यांचं झालं की आमची पंगत. म्हातारीनं मान हलवली, पदरानं आधी मावशीचं तोंड पुसलं, मग स्वतःचे हात, आणि भाभींना म्हणाली, "मला माज्या ल्योकाकडं ने."

ती त्याला काय बोलली, ते मला माहीत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती बसली होती आणि संपतराव फेट्यासकट वाकून उभे होते, एवढं मी लांबून बघितलं. त्यांच्या आजूबाजूला आहेराची गडबड चालली होती. आई बोलत होती आणि ते खाली बघत होते.

शेवटची पंगत उठली. आम्ही मागं, कनातीच्या सावलीत, जमिनीवर रांगेनं बसलो. पाय सुजलेले, अंगाला तेलाचा वास. गणूनं झाकून ठेवलेली खीर काढली आणि भाभी वाढायला उठल्या. तेवढ्यात संपतराव आले. या खेपेला डोक्यावर फेटा नव्हता. त्यांनी भाभींच्या हातातून बादली घेतली. भाभी म्हणाल्या, "असू द्या की, तुमी कशाला?" पण ते पहिल्या पानापाशी वाकलेसुद्धा होते. एकेका बाईला खीर वाढत, "घ्या, सावकाश होऊ द्या" म्हणत ते पुढं सरकत होते. बाया अवघडून बसल्या होत्या. व्यापाऱ्यानं, नवरीच्या बापानं स्वतः वाढलेलं घ्यायची त्यांच्यापैकी कुणालाच सवय नव्हती.

इंदूमावशी माझ्या शेजारी होती. ते समोर आले तसा तिनं पत्रावळीवर आडवा हात धरला. ते वाकून उभे राहिले. डावातली खीर थेंब थेंब गळत होती.

"हात काढ," ते म्हणाले.

तिनं हात काढला. त्यांनी एक डाव वाढला, दुसरा वाढला.

"बास, दादा."

"लेकीच्या लग्नात बास म्हनू ने," ते म्हणाले आणि तिसरा डाव वाढला. मग माझ्या पानापाशी आले. माझी खीर निम्मी जमिनीवर पडली. ते पंगतीच्या टोकापर्यंत गेले, बादली ठेवली आणि मागं न बघता मांडवात निघून गेले. मावशी जेवत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती जेवत होती, सगळं पान स्वच्छ केलं तिनं. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. भाभी मोठमोठ्यानं भाताला मीठ कमी पडल्याचं बोलत राहिल्या. मीठ अगदी बरोबर होतं.

पाठवणीपर्यंत थांबता आलं नाही, गाडीची वेळ झाली होती. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. संपतराव तिच्या घरी कधी आले नाहीत, वसंतमामांना त्यांनी कधी घरचा जावई म्हटलं नाही. पण आईला बघायला लोणंदला जायची वाट मावशीला मोकळी झाली. वर्षातून दोन-तीनदा ती जायची, आणि म्हातारी गेली तेव्हा ती तिच्या उशाशी होती. एवढं झालं. त्या काळात, त्या घरात, एवढंही पुष्कळ होतं.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. आबा तासगावहून दमून आले होते, भाकरी कुस्करत ऐकत होते. "आन त्यानं जा म्हटलं असतं म्हंजी?" ते म्हणाले. "भुकेल्या पंगती टाकून उठली असतीस?" मी भाकरी मोडत राहिले. आई म्हणाली, "जेवू द्या की पोरीला." बराच वेळ आबांनी ठेच्याला हातच लावला नाही.

त्यानंतरच्या लग्नाच्या सकाळी परसात रांग लागली. शिट्टी झाली. मी नेलकटर घेऊन उभी. पण आबा नखं बघायला पुढं झालेच नाहीत. घसा खाकरून त्यांनी आज लग्न कुणाचं, नवरा कुठला, नवरी कुठली, कुणाची कोण, सगळं मोठ्यानं सांगितलं, एखादा हुकूम वाचावा तसं. मग आभाळाकडं बघत विचारलं, "कुनाला फुडं जायाला अडचन हाय का?" बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. रांगेच्या टोकाकडून एक बाई अर्ध्या आवाजात म्हणाली, "नवरदेवाची आई माझी पैली सासू हाय." आबांनी नुसती मान हलवली आणि तिला कांद्यावर घातलं.

मीही विचारते. ग्रुपवर नाही, समोर. टेम्पोतून सामान उतरलं की सगळ्या पोरापोरींना एकत्र बोलावते, नावं सांगते आणि विचारते. पोरं हसतात, काकू जरा जुन्या वळणाच्या आहेत असं त्यांना वाटतं. परवाच साताऱ्यात एका लग्नाला कॉलेजातली एक मुलगी पहिल्यांदाच वाढायला आली होती, ऋतुजा नावाची. चुणचुणीत, केस बांधलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. सगळी पांगल्यावर ती माझ्यापाशी घुटमळत राहिली.

"काकू, नवरा मुलगा माझ्या वर्गात होता."

"बरं," मी म्हणाले.

"म्हणजे... नुसता वर्गात नाही."

मी तिला काकडीची पाटी दिली, माझ्या शेजारी पाट दिला आणि मांडवाकडं पाठ करून बसायला सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही दोघी काकड्या चोचवत बसलो. एवढी कोशिंबीर त्या लग्नात कुणालाच नको होती.